लिंबाजी गेटमनच्या घड्याळाचं रबर

लिंबाजी गेटमन चिडले नाहीत असा दिवस मुदखेडात कुणाला आठवत नाही. दूधवाला उशिरा आला की चिडायचे, लवकर आला की "लोकाला झोपू देत जा की" म्हणून चिडायचे. विहारात वंदना चालू असताना कुणाचा मोबाईल वाजला, तर डोळे मिटलेले ठेवून त्या माणसाला नावानिशी दम भरायचे आणि तिथूनच पुढं वंदना म्हणायचे. रेल्वेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण माणसाचा आवाज काही रिटायर झाला नव्हता.

लोक हसण्यावारी न्यायचे. घरातल्यांना तसं करता येत नव्हतं. घरात माणसं तीनच. लिंबाजी, मुलगा आनंदराज आणि सून पंचशीला. महामाया, म्हणजे लिंबाजींची बायको, वारल्यापासून घर पंचशीलाच्याच अंगावर होतं. सकाळी स्वयंपाक उरकून ती अंगणवाडीत जायची, आल्यावर पुन्हा चुलीपुढं. आणि या घरात सध्या ती सासऱ्याशी एक शब्द बोलत नव्हती. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि निघून जायची. पहिल्या तारखेला ती आणि आनंदराज नांदेडला भाड्याच्या खोलीत राहायला जाणार होते. हे सगळं घडलं एका घड्याळापायी.

ते घड्याळ म्हणजे लिंबाजींचा जीव की प्राण. चावीचं, पांढऱ्या तबकडीचं, स्टीलचं. नोकरी लागल्यावर त्यांनी ते पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलं. त्यांचं गेट गावाबाहेर होतं. एका अंगाला काळी रानं, दुसऱ्या अंगाला केळीच्या बागा, आणि मधून अर्धापूरकडं जाणारा रस्ता. केबिनमध्ये एक फोन, एक कंदील, लाल-हिरवी झेंडी. दुपारी चार वाजता कंट्रोलकडून सगळ्या स्टेशनांना वेळ मिळायची. स्टेशन मास्तर ती गेटवर फोनवरून कळवायचे. मग लिंबाजी घड्याळाचा काटा जुळवायचे. एवढं झालं की दुसऱ्या दिवशी चारपर्यंत त्या रस्त्यावर लिंबाजींचं घड्याळ म्हणेल ती वेळ.

त्या रस्त्यानं बागाईतदारांच्या जिपा जायच्या. ज्यांच्या आज्यांनी लिंबाजींच्या आज्याला वाड्याच्या पायरीखाली उभं केलं होतं, त्यांचीच ती नातवंडं. गेट पडलेलं दिसलं की हॉर्नवर हात ठेवायची. "ए लिंब्या, उघड की. गाडीचा कुठं पत्ताय?" असं एकानं एकदा जीपमध्ये बसूनच फर्मावलं. लिंबाजी केबिनमधून खाली आले. मनगट त्याच्या तोंडापुढं धरलं आणि म्हणाले, "गाडी येऊन राहिली. ती गेल्याबिगर गेट उघडत न्हाई. अन् लिंब्या कुणाला म्हणला?" तो उतरला, हमरीतुमरीवर आला. तेवढ्यात गाडी धडधडत गेली आणि त्याचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही. त्यानंतर तो माणूस 'गेटमन' म्हणायला लागला. साहेब वगैरे म्हणाला नाही, पण लिंब्याही म्हणाला नाही. लिंबाजींना तेवढं बस होतं.

तेव्हा हा राग काही हौसेनं आलेला नव्हता. त्या गेटवर मवाळ माणूस टिकला नसता. फरक इतकाच की गेटवर लिंबाजींच्या रागामागून खरोखरची गाडी यायची. घरात रागामागून काहीच येत नव्हतं, तरी ते सगळ्यांना थांबवून ठेवायचे.

घड्याळाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. महामायानंही कधी लावला नाही. सालातून एकदा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सकाळी, लिंबाजी पांढरे कपडे घालून ओट्यावर बसायचे आणि आनंदराजच्या शाळेतल्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन घड्याळाचं मागचं झाकण फिरवून उघडायचे. झाकणाच्या खाचेत एक काळी रबराची रिंग बसवलेली असते. पाणी आत जाऊ नये म्हणून. ती काढायची, धोतराच्या फडक्यानं पुसायची, बोटानं ग्रीस लावायचं आणि परत बसवायची. गेटच्या चरख्याला, साखळीला, बिजागरीला त्यांनी जन्मभर असंच ग्रीस चोपडलं होतं. जिथं पाण्याशी गाठ, तिथं ग्रीस. हे त्यांना रेल्वेनं शिकवलं होतं आणि रेल्वेनं शिकवलेलं चूक असतं, हे लिंबाजींना देवादिकांनी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. देवांना तर ते तसेही मानत नव्हते.

तर झालं असं. एका रविवारी पंचशीलाचा भाऊ अश्वजित घरी आला होता. पंचशीलानं सकाळीच धुणं काढलं होतं. लिंबाजींचं घड्याळ मोरीजवळच्या खिळ्याला होतं, त्यांनी स्वतःच अंघोळीआधी अडकवलेलं. जेवायला बसताना त्यांनी ते हातात घेतलं आणि बघतात तर काचेखाली वाफ. तबकडी दिसेना. काटे धुक्यात गेल्यासारखे.

"कुणी पाण्यात घातलं?" लिंबाजी गरजले.

पंचशीला भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मामा, म्या हातबी लावला न्हाई."

"मग काय आपोआप गेलं का पाणी? सदऱ्यासंगं बुचकळलं असशील. धुताना ध्यान कुठं ऱ्हातंय तुझं!"

"न्हाई मामा. खिळ्यालाच होतं. खरंच."

"खरंच म्हणं! धुण्यात घातलं, अन् वर खोटं बोलून राहिली. खोटारडी!"

अश्वजित ताटावर बसलेला. त्याचा घास हातातच राहिला. त्यानं बहिणीकडं बघितलं, मग लिंबाजींकडं, आणि ताटाला हात जोडून उठला. त्याला कुणी अडवलं नाही. पंचशीलानं तव्यावरची भाकरी उतरवली, चूल विझवली आणि त्या दिवसापासून सासऱ्याशी बोलणं बंद केलं. रात्री आनंदराजला ती एवढंच म्हणाली, "मार खाल्ला असता. खोटारडी म्हणून घेणार न्हाई. माझ्या भावासमोर तर न्हाईच." आनंदराज मुळात गरीब स्वभावाचा. अर्धापूरला केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. बाप आणि बायको यांच्यामध्ये त्यानं जन्मभर नुसतं 'जाऊ द्या' म्हटलं होतं. या वेळी मात्र त्यानं नांदेडला जाऊन खोली बघितली.

लिंबाजींना हे कळलं तेव्हा ते आणखी भडकले. "जा की! कोण अडवून राहिलं? खोट्याला पाय नसतात म्हणतेत, हिला तर खोलीबी मिळाली." असं ओट्यावर उभं राहून आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. पण त्यांना भीती वाटत होती, ही खरी गोष्ट. महामाया गेल्यावर ज्या घरात पंचशीलाच्या बांगड्यांच्या आवाजानं सकाळ व्हायची, त्या घरात एकट्यानं राहायचं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं कळत होतं. भीती वाटते असं म्हणायची सवय नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं की घड्याळ दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त करणाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं की हे धुण्यात गेलं होतं. एकदा ते सिद्ध झालं की सून कशाच्या जोरावर घर सोडते ते बघू.

नांदेडला वजिराबादेत सर्वेश नावाच्या पोराचं घड्याळाचं दुकान होतं. काचेच्या कपाटात चकचकीत माल मांडलेला. त्यानं झाकण उघडलं, आतली ओल ब्लोअरनं वाळवली, जुनी रिंग चिमट्यानं काढून बाजूला टाकली आणि नवी बसवली. लिंबाजींनी जुनी रिंग मागून घेतली, कागदात गुंडाळून खिशात ठेवली. स्वतःची वस्तू दुकानात सोडून यायची त्यांची रीत नव्हती. घरचा नंबर म्हणून आनंदराजचा लिहून दिला. पाणी धुण्यात घातल्यानंच गेलं ना म्हणून विचारलं, तर सर्वेश म्हणाला, "जुनं झालंय काका. जुन्यात जातंच."

"जुनं झालं म्हणून जात असतं, तर माझ्यातबी पाणी गेलं असतं," लिंबाजी म्हणाले.

दोन दिवसांत काचेखाली पुन्हा वाफ. शिवाय झाकण एका अंगानं उचललेलं. नवी रिंग गोल गाभ्याची होती, दोरीसारखी. घड्याळाची खाच होती चपट्या रिंगेची. झाकण दाबून फिरवताच रिंग खाचेतून उसळून बाहेर आली होती. लिंबाजी तडक नांदेडला.

"पोरा, चपटीच्या जागी गोल कामून बसवली?"

"चपटी मिळत नाही काका आता. असं करतो, कडेनं गम मारून देतो. पाणी बिलकुल जाणार नाही."

"अन् पुढं उघडायचं कसं?"

"उघडायचं कशाला? बंद पडलं की टाकून द्यायचं. हे बघा, हे नवीन आलंय. पाण्यात चालतं, पावलं पण मोजतं."

झालं. वजिराबादेतल्या त्या दुकानात मग जे झालं ते शेजारच्या साडीच्या दुकानातल्या बायका बाहेर येऊन ऐकत होत्या. "माझी पावलं म्या मोजतो! तुला रिंग मिळत न्हाई म्हणून माझं घड्याळ टाकून द्यायचं? बंद पडलं की टाकून दे! जुना झाला की टाकून दे! तुझा बाप जुना झाल्यावर त्यालाबी गम मारतो का?" पोरगं गोरंमोरं झालं. पण मनानं वाईट नव्हतं. त्यानं पैसे परत केले आणि वर सांगितलं, "काका, लातूरला जावा. गंजगोलाईच्या मागं संगमेश्वर आप्पा आहेत. चपटी रिंग कुणाकडं असली तर त्यांच्याकडंच." लिंबाजी हे ऐकूनही गुरगुरतच बाहेर पडले, पण पत्ता नीट विचारून घेतला.

लातूरची एस.टी. सकाळी धरली. कंडक्टरनं फुकट तिकिटासाठी आधार कार्ड मागितलं, वरून म्हणाला, "पंच्याहत्तर वय वाटत न्हाई बाबा तुमचं." दुसरा कुणी खूश झाला असता. लिंबाजींना वाटलं, हा आपल्याला खोटारडा म्हणतोय. कार्ड त्याच्या हातावर आपटलं आणि लोहा मागं पडून अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात पंचशीलाशी भांडत बसले. ती मनातसुद्धा उत्तर देत नव्हती, त्यामुळं भांडण पुढं सरकत नव्हतं.

आप्पांचं दुकान म्हणजे एका बोळातली टपरीच. कपाळाला विभूतीचे पट्टे, डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा, लिंबाजींच्याच वयाचा आणि स्वभावानंही त्याच वाणाचा. मान वर न करता म्हणाला, "काय पाहिजे?"

लिंबाजींनी घड्याळ पुढं ठेवलं. "चपटी रिंग पाहिजे. पण आधी एक सांगा. हे धुण्यात गेलंय का न्हाई? घरी फोन लावतो. तुम्ही मोठ्यानं सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात जाईल."

"मी घड्याळवाला हाय. फौजदार न्हाई," आप्पा म्हणाले.

"बघून तर सांगा!"

"बघायलोय की! वरडू नका. भिंगात धक्का बसतो."

आप्पांनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले. झाकणाची आतली बाजू बोटानं चाचपली, बोट नाकाला लावलं. "जुनं रबर हाय का जवळ?"

लिंबाजींनी कागदाची पुडी काढली. आप्पांनी रिंग चिमट्यात धरून खाचेवर ठेवली. ती खाचेपेक्षा कितीतरी मोठी झाली होती. एका अंगाला दाबली तर दुसऱ्या अंगाला बाहेर यायची. बोटात धरली तर चिकटायची, शिळ्या लापशीसारखी.

"ह्याला ग्रीस कुणी लावलं?"

"म्या," लिंबाजी छाती काढून म्हणाले. "दर साली. एकदाबी चुकलो न्हाई."

"कोणचं ग्रीस?"

"नोकरीत गेटवरचं. रिटायर झाल्यावर ट्रॅक्टरच्या दुकानातून आणायलो. पिवळं. चांगल्यातलं."

आप्पांनी डोळ्याचं भिंग काढलं. "अवो, तुम्ही घड्याळ सांभाळायलाव का बैलगाडी? त्या ग्रीसनं हे रबर फुगतं. फुगतं, मऊ होतं, अन् मग खाच सोडतं. सालोसाल तुम्हीच ह्याला खाऊ घालायलाव. हे बघा, झाकणाच्या आत गंज. हा काय एका दिसाचा हाय? धुण्यात बुडालं असतं तर पाणी साठलं असतं, तबकडीला डाग पडले असते. तबकडी कोरी हाय. मोरीपाशी अडकवता का?"

"अंघोळीच्या टायमाला."

"मग ती तुमच्याच अंघोळीची वाफ. कुणी धुतलं न्हाई ह्याला."

लिंबाजींचा पारा चढला. "मला शिकवता का? रेल्वेत काढली जिंदगी! लोखंडाला ग्रीस लावायचं न्हाई तर काय तूप लावायचं?"

"लोखंडाला लावा की! मी काय म्हणलो? हे रबर हाय!" आप्पाही उठून उभे राहिले. "अन् लावा तो फोन. मोठ्यानं सांगायचं म्हणलाव ना? सांगतो मी. लावा!"

फोन लिंबाजींच्या हातात होता. आनंदराजचं नाव पडद्यावर होतं. त्यांनी तो खिशात घातला. बाकड्यावर बसले आणि हातातला पुडीचा कागद नुसता घडी घालत राहिले. राग कमी झाला होता असं नाही. पण तो आजवर ज्या दिशेनं जायचा तिकडं आता कुणीच उभं नव्हतं.

आप्पांनी खाच स्पिरिटनं पुसून घेतली, गंज खरवडून काढला. डब्या धुंडाळल्या. जुन्या मालातली चपटी रिंग सापडली, पण ती वाळून कडक झालेली, वाकवताच तुकडे. दुसरी मापानं ढिली. शेवटी नव्या मालातून एक चपटी रिंग निघाली, खाचेहून किंचित लहान. ती त्यांनी बोटांनी हळूहळू ताणत बसवली. घड्याळाची मशीन काढून वाटीत झाकली, रिकामं घर झाकण लावून पाण्याच्या ग्लासात सोडलं. दोघं म्हातारे ग्लासात बघत बसले. बुडबुडा आला नाही.

"आता पाणी जात न्हाई," आप्पा म्हणाले. निघताना त्यांनी मलमाची असते तसली एक छोटी डबी दाखवली. "रबराला लावायचं ग्रीस हे असतंय. तुम्हाला देणार न्हाई. तुम्ही सालातून एकदा इकडं या." लिंबाजींना याचाही राग आला, पण येतो म्हणाले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पंचशीला जुन्या वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत होती, आनंदराज पोती बांधत होता. लिंबाजींनी चप्पलसुद्धा काढली नाही. पुडी उघडून ती फुगलेली रिंग तिच्यापुढं धरली.

"हे बघ! म्या ग्रीस लावून नासवलं. तू धुतलं न्हाई. माझंच चुकलं!"

एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. आनंदराजच्या हातातली सुतळी सुटली. पंचशीला भांडं गुंडाळत राहिली.

"माझंच चुकलं म्हणून सांगून राहिलो! ऐकू येत न्हाई का?"

"येऊन राहिलं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिचा आवाज सासऱ्याला ऐकू आला. "गल्लीलाबी येऊन राहिलं. अश्वजितला येत न्हाई. मला खोटारडी म्हणले ते त्याच्यासमोर."

लिंबाजींनी फोन काढला. नंबर आनंदराजनं लावून दिला. पलीकडून हॅलो आलं. "अश्वजित, म्या बोलतो, मुदखेडहून. तुझी बहीण खरं बोलली होती. खोटा म्या." मग दुसरं काय म्हणायचं ते न सुचून त्यांनी फोन मुलाकडं दिला. आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. कशी मागतात ते ठाऊक नव्हतं. हे त्यातल्या त्यात जवळचं होतं.

"झालं?" ते पंचशीलाकडं वळून म्हणाले. "आता ती भांडी सोड. म्या लातूरला जाऊन आलो याच्यासाठी."

पंचशीलानं हातातली परात खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण ते रडणं नव्हतं. राग होता, इतके दिवस ताटासोबत वाढलेला आणि परत नेलेला.

"लातूरला घड्याळासाठी गेले तुम्ही, मामा. अन् मी खोटी हाय हे कुणाकडून तरी म्हणवून घ्यायला गेले. ह्यांना नांदेडच्या दुकानातल्या सर्वेशनं फोनवर सगळं सांगितलंय, धुण्यात गेलं ना म्हणून कसं विचारत होते ते. माझ्यासाठी गेले असते तर आधी मला एकदा विचारलं असतं. धुतलं का गं, म्हणून. तुम्ही विचारलं न्हाई. इतक्या सालात काहीच विचारलं न्हाई. भाजीत मीठ कमी हाय का, ते बी न्हाई. नुसतं सांगता. अन् आज चूक सापडली ती घड्याळवाल्याला. तुम्हाला न्हाई."

लिंबाजी दारातल्या पोत्यावर बसले आणि त्यांनी विचारलं. आवाज एवढा बारीक होता की आनंदराजला वाटलं बापाला काहीतरी झालं.

"पंचशीला, राहता का तुम्ही?"

"न्हाई," ती म्हणाली. "पहिलीला जाऊन राहिलो."

"मग म्या येऊ का तिकडं? कधी भेटायला?"

तिनं पुन्हा परात उचलली, वर्तमानपत्राचं पान तिच्याभोवती गुंडाळलं, कडा नीट दुमडल्या.

"फोन करून या," ती म्हणाली.